पाचशे फूट दोरी

डेल्फिना फुर्तादोने त्या दोरीला गाठी मारल्या होत्या,
दर पन्नास फुटांना एक.
न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरची जुनी दोरी,
मीठ पिऊन ताठरलेली.
"डोळ्यावर विसंबू नकोस," ती म्हणायची,
"डोळ्याला हरण हवं असतं.
दोरीला काही नको असतं."

दर नोव्हेंबरात आम्ही दोघं मोजायचो:
घराच्या पायरीपासून दहा गाठी,
डांबरी रस्त्यापासून तीन.
उरेल ते आपलं रान.
माझ्या लहानपणी ते इतकं उरायचं
की फिरता फिरता भूक लागायची.

यंदा ती नाही. दोरी आहे.
क्रॅनबेरीच्या पाणी भरलेल्या वाफ्यांपलीकडे
आठ नवी घरं उठलीत, एकाच राखाडी रंगाची.
शेवटच्या घराच्या पायरीला टोक बांधलं
आणि मागे मागे चालत गेलो.
नववी गाठ हाताला लागायच्या आत
बापाचा ओक आला.
तीस वर्षं तो ज्याच्या बेचक्यात बसला
तो ओक, जागचा न हलता,
कुणाच्या तरी घराजवळ राहायला गेला होता.

मग मी पार पलीकडे सरकलो, पाइनला शिडी बांधली.
रिकामी बंदूक खाली ठेवून वर चढलो,
मग सुतळीने ओढून घेतली, नळी जमिनीकडे.
नारिंगी बंडी, नारिंगी टोपी:
माणसाला बोंबलून सांगणारा, हरणाला न सांगणारा रंग.
सूर्योदयाच्या अर्धा तास आधी कायदा जागा होतो,
मी त्याच्याही आधी.
काडतुसात शिशाचा एकच गोळा, अंगठ्याएवढा.
रायफल इथे चालत नाही, ती फार लांबचं बोलते.
पण हाही मुका नाही. चुकला तर
अर्धा मैल विचारत जातो, कुणी अडवेपर्यंत.

सहा पन्नासला तो आला.
आठ टोकांची शिंगं, जाड मान,
सत्तर पावलांवर आडवा उभा,
जणू फोटोसाठी कुणी उभा केलाय.
सगळं मोजलेलं होतं. परवाना खिशात होता.
अंगठा सेफ्टीवर गेला
आणि त्याच्या खांद्यामागे, निष्पर्ण फांद्यांतून,
एक पिवळा चौकोन पेटला.

स्वयंपाकघर.
एक बाई ओट्याशी वाकून टोस्टरमध्ये पाव घालत होती.
तिची पाठ हरणाच्या पाठीवर
नेमकी बसली होती.

"हरणामागे जे असेल ते आधी मार," डेल्फिना म्हणायची.
"मनात मार. ते मेलेलं चालणार असेल
तरच पुढचं."

मी मनात मारलं.
मग बराच वेळ बोटं हलेनात,
थंडी होतीच, पण थंडीने नाही.
तो गेला. सावकाश.
जाता जाता तिच्या हिरव्या कुंपणाचे शेंडे खुडून.

दुपारी बंदूक गाडीत कुलपात ठेवून दार वाजवलं.
प्रिसील थिबोडो, नुकतीच वूस्टरहून आलेली.
माझी बंडी बघून तिने साखळी काढलीच नाही.
फटीतूनच म्हणाली, "मेला रोज माझं कुंपण खातो!
मारत का नाही तुम्ही लोक?"
आणि कागद मागून घेऊन सही केली:
पाचशे फुटांच्या आत, माझी हरकत नाही.

कागदाची घडी करत मी विचारलं,
"सकाळी पाव किती वाजता भाजता?"
ती हसली नाही.
"सातला. कधी जरा आधी. का?"
काय सांगणार.

परतताना ओकाखाली थांबलो.
उगाचच चढलो, रिकाम्या हातांनी.
तिची खिडकी पाठीमागे राहिली.
समोर हरणांची वाट,
आणि वाटेमागे वाफ्याचा बांध,
दोन पुरुष उंच, नुसती वाळू.
काहीही गिळेल असा.

तीस वर्षं बाप इथेच का बसायचा
हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.
तेव्हा तर इथे एकही घर नव्हतं.

उद्या रविवार. उद्या शिकारीला बंदी.
उद्या येईन पुन्हा, नुसता थर्मास घेऊन,
सातच्या जरा आधी.